सरकार जामीन, पण निर्धास्त कोण?

कर्ज मागायला गेलेल्या माणसाला सावकार काय आणि बँक काय, दोनच प्रश्न विचारतात. जामीन कोण? आणि पदरचे किती घालणार? ज्याच्या नावावर सातबारा आहे, घरात चार दागिने आहेत, सोसायटीच्या चेअरमनशी सोयरीक आहे, तो या प्रश्नांची उत्तरे देऊ शकतो. महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या माणसाजवळ ती उत्तरे नव्हती. त्याला अक्कल कमी होती किंवा तो उधळ्या होता म्हणून नव्हे. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या काही साठूच दिले गेले नव्हते, आणि त्याच्यासाठी जामीन राहील असा माणूस गावाच्या वरच्या बाजूला जन्माला आला नव्हता.

म्हणूनच, सरकार स्वतः जामीन राहते आणि पदरचा एक पैसाही न घालता घर मिळते, अशी योजना कुठे आहे म्हटले की आपले लक्ष तिकडे गेल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेत अशी योजना आहे. खेड्यातील घरांसाठी ती आहे आणि श्रीमंतांच्या डोंगरी विहारस्थळांच्या आसपासची पुष्कळशी गावेही तिच्या व्याख्येत बसतात. या योजनेत सरकार जामीन राहते हे खरे. परंतु त्या जामीनकीने निर्धास्त कोण होतो, हा प्रश्न उरतोच. आजवर पायाखालची जमीन ज्यांना नाकारली गेली त्यांच्या बाजूने तो विचारला पाहिजे.

योजना काय आहे?

१९४९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने गृहनिर्माण कायदा केला. प्रत्येक अमेरिकन कुटुंबाला नीटनेटके घर मिळावे, हे राष्ट्रीय ध्येय त्यात मान्य झाले. त्याच कायद्याच्या पाचव्या प्रकरणातील ५०२ व्या कलमाने खेड्यांतील घरांसाठी कर्जे देण्याचे काम शेतकी खात्याकडे सोपवले. आरंभी ही कर्जे शेतकऱ्यांपुरतीच होती. १९६१ पासून शेती नसलेल्या ग्रामीण कुटुंबांनाही ती खुली झाली.

आज या कलमाखाली दोन प्रकारची कर्जे मिळतात. त्यांतील फरक समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उमगणार नाही.

पहिले थेट कर्ज. यात सरकार स्वतःच्या तिजोरीतून पैसा देते. हे कर्ज अल्प आणि अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. मुदत ३३ वर्षे, आणि फारच कमी उत्पन्न असेल तर ३८ वर्षे. हप्त्यात सवलत देऊन व्याजाचा भार एक टक्क्यापर्यंत खाली आणता येतो.

दुसरे हमी कर्ज. १९९० च्या कायद्याने ते आले. यात पैसा खाजगी बँकेचा, व्याजाचा दर बाजाराचा आणि मुदत ३० वर्षे. परिसरातील मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांपर्यंत मिळकत असलेल्या कुटुंबाला ते घेता येते. सरकार फक्त जामीन राहते. कर्ज बुडालेच तर मूळ रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत बँकेचे नुकसान भरून देण्याची हमी ते घेते.

दोन्ही प्रकारांत साधारणपणे डाउन पेमेंट लागत नाही. दोन्हींत घर स्वतः राहण्यासाठीच असावे लागते. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी घर घेता येत नाही. हा नियम चांगला आहे. पण आज थेट कर्जांपेक्षा हमी कर्जांची संख्या कितीतरी पटींनी मोठी आहे. म्हणजे गरिबाला सरकार स्वतः हात देते तो प्रकार लहान राहिला, आणि बँकेला हात देते तो वाढला.

पदरचे नसते, ते का?

डाउन पेमेंट माफ करणे ही दया नव्हे. तो एका जुन्या अन्यायाचा उशिरा आणि अर्धवट केलेला हिशेब आहे.

१९३४ साली अमेरिकेत गृहकर्जांना विमा देणारे सरकारी प्रशासन स्थापन झाले. गोऱ्या मध्यमवर्गाला घरमालक बनवण्याचे मोठे काम त्याने केले. परंतु त्याच्या नियमपुस्तकात, वस्तीत वेगळ्या वंशाचे लोक आले तर मालमत्तेचे मोल घसरते असे गृहीत धरलेले होते. काळ्यांना घर विकू नये, अशी अट खरेदीखतात घालण्याची शिफारसच सरकार करत होते. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अशा अटी न्यायालये अमलात आणू शकत नाहीत, असा निकाल दिला. घरांच्या व्यवहारातील वंशभेद कायद्याने बेकायदा ठरायला १९६८ साल उजाडावे लागले.

महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्याने सरकारी हमीची घरकर्जे आली. कागदावर वर्णभेद नव्हता. पण कर्ज द्यायचे की नाही हे गावची बँक ठरवणार होती. १९४७ साली मिसिसिपी राज्यातील शहरांची पाहणी झाली, तेव्हा ३,२२९ हमी कर्जांपैकी काळ्या सैनिकांच्या वाट्याला आलेली कर्जे होती अवघी दोन. सरकार जामीन होते. पण दारावर उभा असलेला माणूस तोच जुना होता.

याचे फळ आजही मोजता येते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती होती सुमारे २,८५,००० डॉलर, लॅटिनो कुटुंबाची सुमारे ६२,०००, आणि काळ्या कुटुंबाची सुमारे ४५,०००. तीन लाख डॉलरच्या घराला २० टक्के डाउन पेमेंट म्हणजे ६०,००० डॉलर. काळ्या कुटुंबाने सारे किडूकमिडूक विकले तरी एवढी रक्कम उभी राहत नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे ‘पदरचे काही नको’ या तीन शब्दांचे मोल कळते. ही तरतूद हवीच. ती पुरेशी आहे का, हा पुढचा प्रश्न.

डोंगर कोणाचा?

आता योजनेचे कागद बाजूला ठेवून एका मुलखात जाऊ. कोलोराडो राज्यातील रॉकी पर्वत. हा मुलूख यूट या आदिवासी लोकांचा. १८६८ च्या तहाने पश्चिम कोलोराडोचा मोठा भाग त्यांचा म्हणून मान्य झाला होता. पुढे डोंगरात खनिजे सापडली आणि तहाचा कागद हलका झाला. १८७९ च्या संघर्षानंतर १८८१ साली यूटांच्या दोन मोठ्या गटांना यूटामध्ये हाकलण्यात आले. या डोंगरातल्या प्रत्येक खरेदीखताच्या तळाशी हा इतिहास आहे.

समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर लेडव्हिल नावाचे गाव आहे. १८७७ च्या सुमारास चांदीमुळे ते वसले. खाणमजुरांनी १८८० आणि १८९६ साली येथे मोठे संप केले. चांदी सरली तरी जवळच्या क्लायमॅक्स खाणीतील मॉलिब्डेनम या धातूवर गाव जगले. १९८० नंतरच्या काही वर्षांत तीही खाण थंडावली आणि हजारो कामगार घरी बसले. २०१२ साली ती पुन्हा सुरू झाली, पण तोपर्यंत गावाचे पोट दुसरीकडे गेले होते.

ते गेले व्हेलला. महायुद्धात लेडव्हिलजवळच्या कॅम्प हेल या छावणीत डोंगरी युद्धाचे शिक्षण देण्यात येत असे. तेथे शिकलेल्या पीट सायबर्ट या सैनिकाने पुढे सोबत्यांसह १९६२ साली व्हेल हे बर्फावरील खेळांचे ठिकाण सुरू केले. आज ते जगभरच्या धनिकांचे आवडते ठिकाण आहे. तेथील घरांच्या किमती दहा लाख डॉलरच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत, आणि त्यांतील बरीच घरे वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतात.

या कुलूपबंद घरांची झाडलोट कोण करते? हॉटेलांतल्या चादरी कोण बदलते, भांडी कोण घासते, रस्त्यावरचा बर्फ कोण उपसते? मुख्यतः मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली माणसे. त्यांतील पुष्कळजण लेडव्हिलसारख्या गावांत राहतात आणि हिवाळ्यात पहाटे बर्फाळ घाट ओलांडून कामावर जातात. लेडव्हिलच्या शाळांतील निम्म्याहून अधिक मुले आज लॅटिनो आहेत. काम वरच्या वस्तीत, मुक्काम खालच्या. आपल्या वाचकाला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

दारे किती?

लेडव्हिलची लोकसंख्या तीन हजारांच्या आत. म्हणजे शेतकी खात्याच्या व्याख्येत ते ‘ग्रामीण’ ठरते, आणि योजना तेथे लागू होते. मग चादरी बदलणाऱ्या बाईला घर मिळेल काय? एकेक दार तपासू.

पहिले दार किमतीचे. वर्षाला एक लाख डॉलर मिळवणारे कुटुंब घ्या. नवरा-बायको दोघे राबतात तेव्हा कुठे ही कमाई होते. घराच्या एकूण हप्त्यावर मासिक उत्पन्नाच्या साधारण २९ टक्के खर्च व्हावेत अशी योजनेची मर्यादा आहे. म्हणजे महिना सुमारे २,४०० डॉलर. त्यातून कर, विमा आणि हमीची फी यांसाठी ४०० वजा करा. उरलेल्या दोन हजारांत सहा टक्के व्याजाने ३० वर्षांचे कर्ज बसते सुमारे ३,३३,००० डॉलरचे. व्हेलमध्ये एवढ्यात काही मिळत नाही. लेडव्हिलमध्येही आता याहून महाग घरे सर्रास विकली जातात, कारण व्हेलमधून मागे हटलेला खरेदीदार तेथे पोचला आहे. येथे किंमत ठरते ती बाहेरून आलेल्या संपत्तीवर. कर्ज ठरते ते स्थानिक मजुरीवर. शिवाय दुसरे घर घेणारा रोख मोजतो. विकणाऱ्याला सरकारी कागदपत्रांची वाट पाहण्याची गरज नसते.

दुसरे दार उत्पन्नाच्या पुराव्याचे. कमाई भरवशाची आहे हे बँकेला दोन वर्षांच्या नोंदींनी पटवावे लागते. पण हा मजूर हिवाळ्यात बर्फावर, उन्हाळ्यात बांधकामावर आणि मधल्या चिखलाच्या दिवसांत रिकामा. त्याचे काम मोसमी आहे हा मालकाचा फायदा, आणि तोच मजुराचा अवगुण ठरतो.

तिसरे दार कुटुंबाच्या व्याख्येचे. हा नियम बारकाईने वाचावा असा आहे. कुटुंब योजनेत बसते का हे ठरवताना घरातील सर्व प्रौढांचे उत्पन्न धरतात. कर्ज फेडण्याची ऐपत मोजताना मात्र ज्यांच्या सह्या कर्जावर आहेत त्यांचेच उत्पन्न धरतात. दोन भाऊ, वहिनी आणि म्हातारा बाप एका छताखाली राहतात, कारण एकट्याला भाडे परवडत नाही. अपात्र ठरवताना त्यांची चौघांची कमाई मोजली जाईल. कर्ज देताना एकाची. दारिद्र्यामुळे एकत्र राहणाऱ्यांना हा नियम दोन्ही बाजूंनी कापतो.

चौथे दार कागदांचे. कर्जदार नागरिक असावा किंवा कायद्याने ठरवलेल्या पात्र परदेशी प्रवर्गातला असावा. ज्यांच्याजवळ असे कागद नाहीत त्यांच्या श्रमाला या डोंगरात बंदी नाही. त्यांच्या घराला आहे.

पाचवे दार जमिनीचे. या गावांत पुष्कळ मजूर ‘फिरत्या घरांच्या’ वस्तीत राहतात. नाव फिरते, पण एकदा टेकवलेले ते पत्र्याचे घर हलवणे मजुराच्या खिशाला झेपत नाही. घर त्याचे, खालची जागा मालकाची. जागेचे भाडे चढत जाते आणि जागा विकली गेली की घर असूनही माणूस बेघर होतो. भाड्याच्या जागेवरील असे घर घ्यायला हे कर्ज सहसा उपयोगी पडत नाही, कारण बँकेला तारण हवे असते ते जमिनीसकट.

पाच दारांतले एकही ‘पदरचे काही नको’ या तीन शब्दांनी उघडत नाही.

जामीनकीचा अर्थ

समजा, एखादे कुटुंब ही सारी दारे ओलांडून गेले. तीन लाख डॉलरचे कर्ज मिळाले. आता सरकारच्या हमीची फी कोण भरते? बँकेवर बसणारी ही फी शेवटी कर्जदारच भरतो. ऑक्टोबर २०१६ पासूनच्या दरांनी ती सुरुवातीला एक टक्का, म्हणजे तीन हजार डॉलर. ती कर्जातच मिळवता येते आणि मग तिच्यावरही व्याज चढते. पुढे दरवर्षी शिल्लक कर्जावर ०.३५ टक्के, पहिल्या वर्षी सुमारे १,०५० डॉलर.

सहा टक्के व्याजाने हप्ता येतो महिना सुमारे १,८०० डॉलर. पहिल्या वर्षी सुमारे २१,६०० डॉलर भरले जातात. त्यांतून मुद्दल फिटते अवघे ३,७०० च्या आसपास, बाकी व्याज. पदरचे काही घातलेले नसल्यामुळे घरात त्याचा स्वतःचा वाटा एवढाच. दुसऱ्या वर्षी बर्फ कमी पडला, हॉटेलने माणसे कमी केली आणि घर विकावे लागले, तर दलाली आणि विक्रीचा खर्च हा वाटा गिळून टाकतो.

आणि घर जप्त झाले तर? बँकेचे नुकसान सरकार भरून देते. पण अर्ज करतानाच कर्जदाराने लिहून दिलेले असते की, सरकारला या कर्जापोटी तोटा सोसावा लागला तर तो आपण भरून देऊ. म्हणजे बँकेचे देणे संपले तरी सरकारचे सुरू होऊ शकते. हमीची फी कर्जदाराची, हमीचे छत्र बँकेला, आणि शेवटी वसुली पुन्हा कर्जदाराकडूनच. सरकार जामीन राहिले खरे. निर्धास्त झाली ती बँक.

म्हणून ही योजना फसवी आहे असे मला म्हणायचे नाही. तिने असंख्य कुटुंबांना भाड्याच्या चक्रातून सोडवले आहे. पण तिची जात ओळखली पाहिजे. ती बाजारात उभे राहण्याची परवानगी देते. बाजार बदलत नाही.

ज्या खात्याकडे हे काम आहे त्याचा पूर्वेतिहासही विसरता येत नाही. शेतीकर्जांच्या बाबतीत याच खात्याच्या जिल्हा पातळीवरील स्थानिक समित्या काळ्या शेतकऱ्यांचे अर्ज रखडवत, पेरणी उलटून गेल्यावर मंजूर करत किंवा फेटाळत, अशा तक्रारी दशकानुदशके होत्या. १९८३ साली खात्यातील नागरी हक्कांच्या तक्रारींची चौकशी करणारी यंत्रणाच मोडीत काढण्यात आली. १९९७ साली काळे शेतकरी न्यायालयात गेले. १९९९ साली तडजोड झाली आणि सुमारे १०० कोटी डॉलर द्यावे लागले. २०१० साली आणखी १२५ कोटी. त्याच वर्षी आदिवासी शेतकऱ्यांच्या दाव्यात ७६ कोटींची तडजोड झाली. हे दावे शेतीकर्जांचे होते, घरकर्जांचे नव्हते. पण धडा दोन्हींना लागू आहे. कायदा दिल्लीत होवो की वॉशिंग्टनमध्ये, त्याची अंमलबजावणी चावडीवरच होते.

दुसऱ्या वाटा

या परिस्थितीला तेथे उत्तरे शोधली गेली नाहीत असे नाही.

१९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांनी एक वाट घातली. आठ-दहा कुटुंबे एकत्र येतात आणि एकमेकांची घरे स्वतः बांधतात. सगळी घरे पुरी होईपर्यंत कोणीही राहायला जात नाही. १९६८ च्या कायद्याने या परस्पर-साहाय्याला सरकारी मदत मिळाली. ही कुटुंबे कामाचा साधारण ६५ टक्के भाग स्वतः करतात, आणि कर्ज असते ते ५०२ कलमाचे थेट कर्ज. येथे पदरचे घालायचे ते श्रम, आणि ते तर श्रमिकाजवळ असतातच.

व्हेल नगराने २०१७ नंतर दुसरी वाट धरली. घरमालकाला पैसे देऊन नगर खरेदीखतावर कायमची अट नोंदवून घेते की, या घरात त्याच जिल्ह्यात आठवड्याला किमान ३० तास काम करणारा माणूसच राहील. एकेकाळी काळ्यांना बाहेर ठेवण्यासाठी वापरलेले खरेदीखतातील अटीचे हत्यार येथे कष्टकऱ्याला आत ठेवण्यासाठी वापरले आहे. सरकारी कर्जातील ‘स्वतः राहा’ ही अट कर्जदारापुरती असते. ही अट घरालाच चिकटते.

तिसरी वाट जागेची. कोलोराडोने २०२० साली कायदा केला की, फिरत्या घरांच्या वस्तीची जागा विक्रीला निघाली तर रहिवाशांना ती सामुदायिकपणे विकत घेण्याची संधी द्यावी लागेल. पैसा उभा करणे अवघड आहे. पण प्रश्न नेमक्या जागी, म्हणजे जमिनीपाशी, आणला गेला.

आपण यातून काय घ्यायचे?

बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, ते संयुक्त राष्ट्रसंघापुढे काळ्यांनी मांडलेल्या गाऱ्हाण्याची प्रत मागण्यासाठी. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरचे, आणि त्या पक्षाच्या १९६६ च्या दहा कलमी कार्यक्रमात माणसाला राहण्याजोग्या घराची मागणी होती. तेव्हा तिकडच्या घराचा हिशेब आपण मांडणे ही आगंतुकी नव्हे.

आपल्याकडे घरकुलाला कर्ज नाही, अनुदान आहे. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ पासून ग्रामीण भागात आहे. पण यादीत नाव आले तरी बांधायला स्वतःच्या नावाची जागा लागते. ज्याच्या बापाला गावाने वेशीबाहेर ठेवले आणि जागेचा कागद दिला नाही, तो येथेही पाचव्या दारापाशीच अडतो. जागा खरेदीसाठी सरकारला निराळी योजना काढावी लागली, हीच त्याची कबुली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तेव्हा त्यांनी कर्ज मागितले नाही. पडीक जमीन मागितली. आज त्या मागणीचे शहाणपण अधिकच पटते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी घराची कोणतीही योजना हातात घेतली की चार प्रश्न विचारावेत. जमीन कोणाच्या नावावर? किंमत कोण ठरवतो? अर्जावर शेवटची सही कोणाची? आणि सारे बिघडले तर भरून कोण देणार? या चारांची उत्तरे राबणाऱ्याच्या बाजूची नसतील, तर ‘पदरचे काही नको’ ही नुसती दारावरची पाटी आहे असे समजावे. पाटी वाचून परत फिरू नये. आत जाऊन जमिनीचा कागद मागावा.